गडग्यावरचा कप

नलू, तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि तुझ्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाहीये, विचारतेय. जिवंत होतीस तेव्हा विचारलं की हसायचीस आणि म्हणायचीस, "मला काय विचारतेस? झाडाला विचार गो." आता तू नाहीस, झाड आहे, आणि झाडाला विचारून विचारून माझं डोकं उठलंय.

तुझ्याकडे भेटायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडत, चहाचं बघत मी सगळं ऐकत होते. नलूताई फार मोकळ्या मनाच्या होत्या, एक म्हणाली. पोटात एक, ओठात एक असं कधी नव्हतं त्यांचं, दुसरी म्हणाली. मी कपबशा गोळा करता करता मनात म्हटलं, बाई गं, तुम्ही हिच्या शेजारी राहिला नाहीत म्हणून. आणि लगेच डोळे भरून आले. त्या दोन गोष्टी एकदम कशा होतात ते मला कळत नाही, पण झाल्या खऱ्या.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले. सही जुळते का, लाखेचं सील फुटलंय का, गाठ कुणी सोडून परत बांधलीय का, हेच बघत जन्म गेला. आमच्या आईचंही तसंच. दूधवाल्याच्या मापावर तिचा विश्वास नव्हता. तो दूध घालून गेला की ती आपल्या पेल्याने परत मोजायची. मापात दूध कधीच कमी भरलं नाही. पण ती मरेपर्यंत मोजत राहिली. "आज नाही सापडला, उद्या सापडेल," म्हणायची. आमचे हे म्हणतात, तुझ्या रक्तातच आहे ते. असेल.

तू आठ वर्षांपूर्वी दापोलीहून रिटायर होऊन शेजारच्या तुमच्या घरात राहायला आलीस. दापोलीच्या रोपवाटिकेत सगळी नोकरी कलमं बांधण्यात गेलेली. टेम्पोतून सामान कमी आणि कुंड्या जास्त उतरल्या. इथे रत्नागिरीत, मांडवीच्या समुद्रापाशी, खारा वारा, बाहेर ठेवलेलं काही टिकत नाही, म्हणून तू सगळ्या कुंड्या पडवीत लावल्यास. त्यात ती तलवार. नर्सरीवाले हल्ली तिला स्नेक प्लांट म्हणतात, आपण दोघी तलवारच म्हणायचो. कमरेएवढी उंच, सरळ उभी पानं, मधे गडद हिरवी नक्षी आणि दोन्ही कडांना पिवळीधमक किनार. सोनेरी काठाची इरकल नेसून पाचसहा बायका उभ्या आहेत असं वाटायचं. मला ते झाड बघताक्षणी हवं झालं. मी लपवलं नाही, पहिल्याच महिन्यात मागितलं.

"एक पिल्लू दे ना गो त्यातलं."

तुझा चेहरा बदलला. मी तो बदललेला पाहिला, नलू. "मागून घेतलेलं झाड लागत नाही गो," तू म्हणालीस.

"लागत नाही म्हणजे? तू दे तर खरं, लावायचं माझ्याकडे लागलं."

त्यावर तू काहीबाही बोललीस, यंदा पिल्लू लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. वर्षभर थांबले. पुढच्या पावसात परत विचारलं. पिल्लं चांगली वीतभर झालेली, मला मधल्या कुंपणाच्या गडग्यावरून दिसत होती. तू सुरी आणून एक पान बुडातून कापलंस. पिल्लू नाही. पान. "हे घे. याचे तीन तुकडे कर, खालची बाजू मातीत लाव. फुटतं पानालाही." आणि मग म्हणालीस, "थांब, पेपरात गुंडाळून देते," आणि पान घेऊन आत गेलीस.

इथेच माझी खरी तक्रार आहे. तुझ्या माझ्या अंगणामधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. हात लांब केला की वस्तू पलीकडे. एवढ्याशा अंतराला पेपर कशाला? आणि पेपर आणायचा तर पान बरोबर आत कशाला न्यायचं? पोस्टात आम्हाला एक शिकवलं होतं: पार्सल एकदा डोळ्यांआड गेलं की परत वजन करायचं. मी नाही केलं. शेजारधर्म म्हणून गप्प बसले, पुडा घेतला, घरी येऊन तीन तुकडे लावले.

चार महिन्यांनी कोंब आला. मी रोज सकाळी चष्मा लावून बघायची, किनार कधी दिसते. दिवाळी गेली, पान मोठं झालं, दुसरं आलं. हिरवं. नुसतं हिरवं. पिवळ्याचा एक धागा नाही. आणि तुझ्या घरामागे, मोरीपाशी, तसल्याच साध्या हिरव्या तलवारीचं एक बेट वाढलेलं होतं. ते मला माहीत होतं.

आता तूच सांग, मी काय समजायचं? मी रत्नागिरीची आहे, मलाही चार गोष्टी कळतात. हापूसची बाठ लावली तर हापूस येत नाही. बाठीचं झाड आईबापाचं ऐकत नाही, कुठल्या रायवळावर जाईल त्याचा नेम नाही. म्हणून तर कलम बांधायचं. कलम म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या जागी. हे तूच मला दहा वेळा सांगितलं होतंस. मग पान म्हणजे काय बी आहे का? झाडाचाच तुकडा तो. म्हणजे कलमासारखंच. किनारीच्या झाडाचा तुकडा लावला तर किनारच यायला हवी. नाही आली. याचा अर्थ तुकडा त्या झाडाचा नव्हता. पेपरात जे गुंडाळलं गेलं ते मोरीजवळचं पान होतं. सरळ हिशेब.

"एका पानासाठी कोर्टात जाशील तू," हे म्हणाले. मी म्हटलं, पानाचा प्रश्न नाही, दानतीचा आहे.

पुढच्या पावसाळ्यानंतर गडग्यावर तो कप आला. पांढरा, बिनकानाचा, आणि त्यात वीतभर पिल्लू, किनारीसकट. माझ्या बाजूला, अगदी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. मी भांडी घासताना मान वर केली की तोच दिसायचा. मी विचारलं, "कुणासाठी गो हे?" तर म्हणालीस, "कुणासाठी नाही. ऊन लागतं तिथे." चिऱ्याच्या गडग्यावर ऊन काय त्या एकाच जागी लागतं?

म्हटलं, बघ, जखमेवर मीठ चोळते. मला दिलं नाही ते नाहीच, वर खिडकीसमोर आणून ठेवलं, बघ आणि जळ. आणि त्यात ते बुधवारचं. आठवतं? ऐन चार वाजता पायरीवर उभं राहून ओरडायचीस, "मी भजनाला जातेय गो सुधा! सहापर्यंत घरात कोणी नाही हो!" अख्ख्या आळीला ऐकू जायचं. घरात कोणी नाही हे कुणी असं ओरडून सांगतं का? मला तर पहिल्याच बुधवारी वास आला. ही माझी परीक्षा घेतेय. मी कपाला हात कधी लावते याची वाट बघतेय, म्हणजे मग चारचौघीत सांगायला मोकळी. एका बुधवारी मी खिडकीतून बघत असताना तुझ्या माजघरातला पडदा हलला. वारा नव्हता. मी ह्यांना बोलावून दाखवलं. हे म्हणाले, मांजर असेल. तुमच्याकडे मांजर नव्हतं.

मी त्या कपाला बोट लावलं नाही. दर वर्षी त्यातलं पिल्लू मोठं व्हायचं, तू काढून न्यायचीस आणि नवीन लहान लावायचीस. मी भांडी घासत बघायची आणि खिडकी लावून घ्यायची.

संशयावरून आठवलं, कपबशांचंही राहिलंच आहे. मी रिटायर झाले तेव्हा ऑफिसातल्यांनी सहा कपांचा सेट दिला होता. पांढरे, एका बाजूला निळं फूल. त्यातला एक कप त्याच सुमारास गेला. तू आमच्या पडवीत चहा घ्यायचीस आणि बोलता बोलता कप हातात घेऊन गडग्यापर्यंत जायचीस, म्हणून मी तुला विचारलं. तू कानाला हात लावलास. "तुझा एकटा कप घेऊन मी काय करू गो? नेला तर सेट नेईन." आपण दोघी हसलो. मी हसले, पण मनातल्या यादीत ते लिहून ठेवलं. शेवटी कामवालीला बोलले, ती बिचारी रडली. तेही तुझ्याच खात्यावर आहे.

आता तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीचं. ते मला टाळता येणार नाही.

हळदीकुंकू तुझ्याकडे होतं. आठदहा जणी पडवीत बसलेल्या. कुणीतरी झाडाचं कौतुक केलं आणि म्हणालं, "नलूताई, आम्हालाही एक पिल्लू द्या की." आणि मी, हातात तिळगूळ धरून, म्हणाले, "हिच्याकडे पिल्लू मागाल तर मोरीजवळचं पान मिळेल. पेपरात गुंडाळून. मला विचारा."

सगळ्या हसल्या. गंमतच वाटली त्यांना. तू हसली नाहीस. माझ्याकडे बघत राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, "मी असं केलं असेन वाटतं तुला, सुधा?" मी काय उत्तर दिलं ठाऊक आहे ना? "वाटत नाही, दिसतंय." गोड बोला म्हणायच्या दिवशी मी हे बोलले. घरी आले तेव्हा तिळगूळ मुठीत तसाच होता, चिकट झालेला.

त्यानंतर आपला एकत्र चहा बंद झाला. भांडण नाही, अबोला नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. पाणी आलं का, गॅसवाला येऊन गेला का, एवढंच गडग्यावरून. दिवाळीचा फराळ डब्यातून यायचा, मीही डब्यातून पाठवायची. आणि कप तिथेच. मी म्हणायची, बघा, अजून हौस फिटली नाही हिची.

आता मी तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगते. गेल्या पावसाळ्यात मी नर्सरीतून माझ्या पैशाने पिवळ्या किनारीची तलवार आणली. रिक्षाने आणली, पदराखाली झाकून, तू बाजारात गेलेली असताना. मागच्या खोलीत ठेवली. ह्यांना साक्षीदार म्हणून समोर उभं केलं आणि त्यांच्या देखत एक पान कापलं. डोळ्यांआड नाही केलं, पेपर नाही, काही नाही. तीन तुकडे लावले, कुंडीला चिकटपट्टी लावून तारीख घातली, खाली ह्यांची सही घेतली. हे म्हणाले, तुला पोस्टाने लवकर सोडलं. म्हणू देत. मला पुरावा हवा होता. किनारीचं झाड आलं की ती कुंडी उचलून तुझ्या पडवीत नेऊन ठेवणार होते आणि म्हणणार होते, "हे बघ. विचारलं झाडाला."

आणि मग तू आजारी पडलीस.

तुझ्या छातीत पाणी झालं, दवाखाना झाला, तुला घरी आणलं. तुझी वैशाली पुण्याहून रजा काढून आली. मी रोज पेज करून आणायची, मऊ, थोडं मीठ, वर तूप. तू चार चमचे घ्यायचीस आणि म्हणायचीस, "पेज तुझीच गो." मी बाजूला बसायची. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या घरात बसत होते. रोज ठरवून यायची की आज बोलायचं, सुधा, आज सांग हिला, झालं गेलं विसर म्हणून. आणि रोज न बोलता परत जायची. का सांगू? कारण मागच्या खोलीत कुंडी होती आणि निकाल लागायचा होता. मी चुकले अशी खात्री नव्हती मला. खात्री नसताना चुकले कसं म्हणायचं? असला माझा स्वभाव. तू मरत होतीस आणि मी कोंबाची वाट बघत होते. हे लिहितानाही माझी मलाच शरम वाटते.

शेवटच्या आठवड्यात एकदा तू डोळे उघडलेस आणि माझं मनगट धरलंस. "गडग्यावरच्या कपाकडे बघ गो, सुधा."

"बघते," मी म्हणाले. "घालते पाणी. काळजी करू नको."

तू डोळे मिटून घेतलेस. हसलीस की काय, मला नीट कळलं नाही. मी रोज माझ्या बाजूने जाऊन, कपाकडे नीट न बघताच, वरून चार थेंब पाणी घालत राहिले. हात न लावता.

तू गेलीस. दहावं झालं. अकराव्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत गेले. कोंबाचं दुसरं पान उलगडलं होतं. खिडकीपाशी नेऊन बघितलं, चष्मा पुसून बघितलं, ह्यांना बोलावून दाखवलं. हिरवं. माझ्या हाताने, किनारीच्या झाडावरून, साक्षीदारासमोर कापलेलं पान, आणि त्याला आलेलं झाड नुसतं हिरवं.

हे चहा करतो म्हणाले आणि आत गेले. मी कुंडी मांडीवर घेऊन बसून राहिले. सात वर्षं, नलू. सात वर्षं मी तुला खोटारडी समजत होते.

पण मी मीच. दुपारपर्यंत दुसरा संशय उभा राहिला, पहिल्यापेक्षा मोठा. तू जन्मभर रोपवाटिकेत. पान लावलं तर किनार येत नाही, हे मला माहीत नव्हतं, तुला माहीत नसणार? शक्य नाही. म्हणजे पान खरं दिलंस, पण हिरवंच येणार हे ठाऊक असताना दिलंस. पिल्लू समोर असताना. मग हे फसवणं नव्हे तर काय? मला राहवेना. मी कुंडी उचलली आणि तुझ्या घरी गेले.

वैशाली कपाट आवरत होती. ती पुण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तिला नाही विचारायचं तर कुणाला? मी कुंडी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. पेपर, पान, मोरी, सगळं. संक्रांतीचंही सांगितलं.

तिने आधी ह्यांची सही वाचली. मग समजावून सांगायला लागली. "मावशी, हे झाड म्हणजे एक नाही, दोन आहेत. एकमेकांना चिकटून वाढलेले दोन थर. करंजी कशी, पारी वेगळी आणि सारण वेगळं, तसं. एका थराची जनुकं बिघडलेली, त्याला हिरवा रंग करता येत नाही. तो थर कडेला उघडा पडतो, तीच पिवळी किनार. पानाचा तुकडा लावलास की नवीन कोंब आतल्या थोड्याशा पेशींतून फुटतो, आणि त्या हिरव्या असतात. किनार मागेच राहते. पिल्लू खालच्या गड्ड्यातून येतं, दोन्ही थर घेऊन येतं."

"म्हणजे ही किनार बिघाडच?"

"बिघाडच. पण देखणा."

मी म्हटलं, मग मी आमच्या आईचं पिल्लूच म्हणायचं, पान नव्हे. बिघाडासकट आले. वैशाली हसली. तुझ्यासारखी हसते ती, आधी नाकाने.

"मग तुझ्या आईला हे ठाऊक होतं," मी म्हणाले.

"होतं तर."

"मग पिल्लू का नाही दिलं?"

वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, गेली सहा वर्षं ती काय करत होती मग?"

मला काही कळेना. तिने माझा हात धरला आणि मागच्या दारी नेलं. मोरीपाशी. तिथलं हिरवं बेट कधीच काढलेलं होतं. त्या जागी किनारीच्या तलवारी एका ओळीत लावलेल्या होत्या, पाच. एक सगळ्यात उंच, मग उतरत्या. "ही तुझी," वैशाली म्हणाली. "दर वर्षी कपात एक लावायची आणि गडग्यावर ठेवायची. तू न्यायची नाहीस. वर्ष झालं की ते इथे लावायची आणि कपात नवीन. सहावं अजून गडग्यावर आहे."

"अगं पण मला सांगायचं ना! मी नेलं असतं!"

"सांगून कसं चालेल? ते चोरायला हवं ना."

नलू, तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. चोरून आणलेलं झाड फोफावतं. हे मला काय कुणी नव्याने सांगायला हवं होतं? आमच्या आईने अख्खी बाग तशी केली, लग्नाला गेली तरी येताना पर्समधे कुणाच्या तरी अंगणातलं डहाळं. मागून घेतलेलं लागत नाही, तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, तोंडावर. आणि सांगून केलेली चोरी म्हणजे चोरी नव्हे, म्हणून पुढचं बोलली नाहीस. एवढी रोपवाटिकेत वाढलेली बाई, जनुकं ठाऊक, थर ठाऊक, आणि ह्या बाबतीत अगदी आमच्या आईसारखी!

"आई म्हणायची," वैशाली सांगत होती, "सुधा मागतेय म्हणून पान दिलं. नाही कसं म्हणू? पण हिरवं आलं की ती चिडेल, आणि चिडली की एक दिवस येऊन पिल्लू उचलेल. बुधवारी मुद्दाम भजनाला जायची. एकदा तर न जाताच पडद्याआड बसून राहिली, तू नेतेस का बघायला."

"म्हणजे पडदा हलला होता!"

"हलला होता."

बघ. निदान तेवढं तरी मी बरोबर ओळखलं होतं. ह्यांना सांगायला हवं.

ती ओळ मी परत बघितली. शेवटची दोन झाडं अगदी लहान. ती संक्रांतीनंतरची. मी तुला चारचौघीत खोटी पाडली, त्यानंतरही तू पिल्लू काढलंस, कपात लावलंस, माझ्या खिडकीसमोर ठेवलंस, ओरडून सांगितलंस की घरात कोणी नाही. आणि मी खिडकी लावून घेतली. मरताना मनगट धरून सांगितलंस, तेव्हाही मी पाणी घातलं. कसली बाई ग मी! दार सताड उघडं ठेवलंय आणि मी कुलूप तपासत बसलेय.

पेपरात का गुंडाळलंस, ते मात्र वैशालीलाही ठाऊक नाही. तो प्रश्न मी सोडलेला नाही.

परवा वैशालीने निघायची तयारी केली. घर बंद करायचं, किल्ली माझ्याकडे. गडग्यापाशी येऊन म्हणाली, "मावशी, हा कप देऊ का आता?" आणि हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की ती दचकली. "आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मग उद्या. उद्या चार वाजता तू समुद्रावर फिरायला जा. सहापर्यंत येऊ नकोस. आणि जाताना ओरडून जा."

तिने नुसती मान हलवली.

काल बुधवार होता. चार वाजता ती पायरीवर उभी राहिली आणि ओरडली, "मी जातेय हो मावशी! घरात कोणी नाही!" शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. फाटक वाजलं. मी खिडकीतून पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं. हलला नाही. खरं सांगू? हलावा असं वाटत होतं.

एकाहत्तराव्या वर्षी पहिली चोरी. छाती अशी धडधडत होती की ह्यांना ऐकू जाईल. मी अंगणात गेले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पदर खोचला आणि कप उचलला. चिऱ्यावर त्याच्या बुडाचा गोल पडला होता, आजूबाजूला शेवाळ आणि मधे स्वच्छ. पदराखाली झाकणार तेवढ्यात बोटांना काहीतरी लागलं.

कान. कपाला कान होता. पलीकडच्या बाजूला, तुझ्या बाजूला. आणि कानाशेजारी निळं फूल.

मी कप तिरका करून खालून बघितला. तळाला नीट भोक पाडलेलं, पाणी निथळायला. माझ्या सेटमधल्या कपाला.

मी तिथेच गडग्याला टेकून खाली बसले, पिल्लू मांडीवर, आणि रडले नलू, तू गेलीस त्या दिवशी रडले नव्हते इतकी. हसतही होते. वैशाली फार लांब गेलीच नव्हती, कोपऱ्यावरच थांबली असणार, धावत परत आली. "मावशी, काय झालं? लागलं का कुठे?"

"काही नाही ग," मी म्हटलं. "तुझ्या आईने माझा कप चोरला होता."